आईकडून येतं ते

माझी वहिनी ब्रशाचं टोक जिभेवर ओलं करून टोकदार करायची. ही सवय आधीच सांगून टाकते, कारण रंग्याच्या डोळ्यांमागे काय लागलंय ते आम्हाला त्या जिभेमुळे कळलं. रंग्या म्हणजे वहिनीचा मुलगा, माझा भाचा. ठोकर लागलेल्या मोटारी दुरुस्त करतात त्या गॅरेजमध्ये तो रंग द्यायचं काम करतो, म्हणून रंग्या. पाळण्यातलं नाव आता फक्त सरकारी कागदांवर उरलंय.

वहिनी आणि मी एकाच ठिकाणी नोकरीला. नणंद-भावजय एका छपराखाली राहतात आणि वर दिवसभर एकाच खोलीत कामही करतात हे ऐकलं की लोक कीव आल्यासारखं बघतात. दोघींपैकी कोणाची कीव करायची हे मात्र त्यांचं ठरत नाही. मी लग्न केलं नाही. दादाच्या घरात वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहते, आणि तोंडाने फटकळ आहे हे मला माहीत आहे, कोणी सांगायला नको. वहिनी मला 'वन्सं' म्हणते, अर्धं मानाने, अर्धं चिडवायला. या नोकरीत मला तिनेच चिकटवलं. ती तिथे माझ्या कितीतरी आधीपासून होती.

आमची संस्था मातीतल्या जिवांचा अभ्यास करते. तळमजल्यावर एक लांबट खोली आहे, तिच्यात पत्र्याची नरसाळी ओळीने टांगलेली. प्रत्येक नरसाळ्यात चाळणी, चाळणीवर डोंगरावरून आणलेली माती, आणि मातीवर एक दिवा. दिव्याने माती वरून सुकत जाते. आतले जीव ओल शोधत खाली खाली सरकतात आणि चाळणीतून सुटले की थेट अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. आगीतून फुफाट्यात. पहिल्या दिवशी मी हे बघितलं तेव्हा मला जेवण गेलं नव्हतं. वहिनी म्हणाली, होते सवय.

त्या बाटल्यांमधून आम्हाला हवे असतात ते स्प्रिंगटेल. तिळाहून लहान, पोटाखाली दुमडलेली एक शेपटी, तिचा टोला जमिनीला मारून उडणारे. आम्ही त्यांना उडाणटप्पू म्हणतो. वहिनीचं काम म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बशी धरायची, माइट नावाचे बारीक किडे, अळ्या, कचरा यांच्यातून एकेक उडाणटप्पू ब्रशाच्या टोकावर उचलायचा आणि लाल टोपणाच्या छोट्या नळीत एकटा ठेवायचा. डोळ्यांत तेल घालून करायचं काम. ब्रशाला दोन-तीनच केस, तेही अल्कोहोलमध्ये बुडाले की फिसकटतात. मग ते जिभेवर टेकवायचे. तिला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या सरांनीच तसं शिकवलं होतं. त्यांच्या काळी उडाणटप्पू नुसते मोजायचे आणि त्यांची चित्रं काढायची, त्यामुळे जिभेने कोणाचं काही बिघडत नव्हतं. आमच्या इथे चेष्टा चालायची की वहिनी रोज थोडी थोडी घेते. वहिनी चेष्टेला हसायची नाही. दारू हा शब्द आला की तिचा चेहरा दगड व्हायचा, आणि मला वाटायचं, हिला विनोद कळत नाही.

मग सर निवृत्त झाले आणि बाई आल्या. बाईंना मोजण्यात रस नव्हता. डोंगराच्या अलीकडच्या उतारावरचे उडाणटप्पू आणि पलीकडच्या उतारावरचे, दिसायला जुळे. तोच रंग, तेवढेच केस, तीच शेपटी. सरांनी हयातभर त्यांना एकाच जातीत घातलं होतं. बाईंना शंका होती की ते एका जातीचे नाहीतच, फार पूर्वी वेगळे झालेत आणि चेहरा तेवढा तसाच राहिलाय. हे तपासायला त्यांनी मायटोकॉन्ड्रिया धरले. पेशीच्या आत लहान लहान भट्ट्या असतात, पेशीला लागणारी शक्ती तयार करणाऱ्या, ते मायटोकॉन्ड्रिया. त्यांची स्वतःची एक छोटी पोथी असते, पंधरा-सोळा हजार अक्षरांची. ती फक्त आईकडून येते. बापाचा त्यात काडीचा वाटा नाही. आई, तिची आई, तिची आई, अशी ती मागे मागे जाते. नक्कल होताना कधीतरी एखादं अक्षर बदलतं आणि मग तो बदल लेकींच्या लेकींकडे तसाच चालत राहतो. दोन उडाणटप्पूंच्या पोथ्या शेजारी ठेवायच्या आणि अक्षरं किती ठिकाणी वेगळी आहेत ते बघायचं. फरक जितके जास्त तितकी ताटातूट जुनी. हे शेजारी ठेवून बघण्याचं काम संगणक करतो आणि संगणक मी सांभाळते.

फरक इतके निघाले की बाई स्वतः खुर्चीत मागे टेकून बसल्या. माणूस पृथ्वीवर यायच्याही आधी ते दोन उतार एकमेकांना परके झाले असावेत. दिसण्यावर काही नसतं, असं त्या दिवशी बाई दोनदा म्हणाल्या, आणि मला ते वाक्य आवडलं होतं.

आमच्या आईला मात्र दिसण्यावरच सगळं वाटायचं. आई आता नाही, पण होती तोवर तिने वहिनीला सुखाने घास गिळू दिला नाही. रंग्याने परीक्षेत चांगले मार्क मिळवले तर तो आमच्या घराण्यावर गेला, नापास झाला तर आईवर. त्याचं नाक आमचं, त्याचा हट्ट तिकडचा. धाकटी, म्हणजे रंग्याची बहीण, उलट बोलली की आई म्हणायची, "खाण तशी माती." वहिनी ऐकून घ्यायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची. आईच्या भात्यातला शेवटचा बाण ठरलेला असायचा, तो म्हणजे वहिनीचा भाऊ. मुलांचा मामा. त्याची नजर ऐन तरुणपणी गेली होती. भेसळीच्या दारूने गेली, असं लग्न ठरतानाच आमच्याकडे सांगितलं होतं. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटा राहायचा, दोर वळायचा, भिंतीला न धडकता चालायचा, पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा त्याला दिसायचा नाही. बोलताना तो तुमच्या खांद्यापलीकडे बघायचा. आई म्हणायची, नजर वर करायला तोंड आहे कुठे मेल्याला. मुलं त्याच्याकडे जायची ते आईला आवडायचं नाही. मलाही फारसं आवडायचं नाही, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी धाकटीचं लग्न ठरलं होतं. माणसं चांगली होती, पण चिकित्सक. मुलाची आई घरात आली की कपाटावरून बोट फिरवून धूळ बघायची. वहिनी त्यांच्यापुढे आपल्या भावाचा विषय निघू द्यायची नाही. लग्नाला महिना राहिलेला आणि घरात पाहुण्यांच्या अंथरुणांची मोजदाद चाललेली.

तेवढ्यात गॅरेजच्या मालकाने मला रस्त्यात थांबवलं. हा मालक शब्दाला महाग माणूस, कधी नुसतं बरं आहे का विचारणार नाही. म्हणाला, तुमचा भाचा प्यायला लागलाय. एका लाल गाडीचं दार रंग्याने रंगवलं होतं आणि गिऱ्हाईक ते परत घेऊन आलं. दार एक लाल, गाडी दुसरी लाल. रंग जुळवण्यात रंग्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. उन्हाने विटलेल्या रंगाचा तो बरोबर तेवढाच विटका रंग करायचा. मालकाने झापलं तर रंग्या स्वतःच म्हणाला, रात्री जरा जास्त झाली होती, चूक झाली. मालकाने मला हेही सांगितलं की हे पहिल्यांदा नाही.

माझं डोकं फिरलं. घरी येऊन मी रंग्याला जिन्यात गाठलं आणि जे तोंडाला आलं ते बोलले. बहिणीचं लग्न तोंडावर आहे, बाप मान खाली घालून फिरेल, मामाचे गुण उचललेस ना शेवटी. त्याने माझ्या कानाकडे बघत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आत्या, आईला सांगू नकोस." मी सांगितलं नाही. वहिनीला लग्नाच्या गडबडीत आणखी एक घोर कशाला. पण तो जिना चढून गेला तेव्हा कठड्याला हात लावून गेला, हे माझ्या मनात कुठेतरी खटकलं. तोपर्यंत तो दोन-दोन पायऱ्या गाळत चढायचा.

पुढच्याच आठवड्यात आमच्या एका नळीतून माणूस निघाला.

म्हणजे असं. पलीकडच्या उतारावरच्या एका उडाणटप्पूची पोथी वाचायला घेतली आणि तिच्यात माणसाची अक्षरं निघाली. मग आणखी नळ्या बघितल्या. दर चार-पाच नळ्यांमागे एकीत तोच माणूस. बाई संतापल्या. कोणाच्या तरी बोटाचं, थुंकीचं, केसाचं काहीतरी नमुन्यात पडत होतं. त्यांनी सगळ्यांच्या गालाच्या आतून कापूस फिरवून घेतला, स्वतःच्याही. फक्त नळीतला माणूस ओळखण्यासाठी घेतोय, दुसरं काही बघणार नाही, असा शब्दही दिला. वहिनीची पाळी आली तेव्हा तिने दोनदा तोंड उघडून मिटलं. मी तिला म्हटलं, अगं, फाशी देत नाहीयेत.

माणूस वहिनी निघाली. बाईंनी तिला विचारलं, तुम्ही नक्की कसं उचलता ते दाखवा. वहिनीने बशी घेतली, ब्रश बुडवला, आणि सगळ्यांच्या देखत, सवयीने, तो जिभेवर टेकवला. खोलीत हशा पिकला. बाईसुद्धा हसल्या. वहिनी तेवढी हसली नाही. "सगळ्या नळ्या उष्ट्या केल्या मी," ती म्हणाली आणि ब्रश धुवायला निघून गेली. उष्टं हा शब्द बाईंना इतका चपखल वाटला की त्या दिवसापासून आमच्याकडे खराब नमुन्याला उष्टा नमुनाच म्हणतात.

उष्टं वेगळं काढायचं काम माझ्याकडे आलं. वहिनीची अक्षरं कोणती ते संगणकाला नीट दाखवलं तरच तो उडाणटप्पूंमधून ती गाळणार. मी तिची पूर्ण पोथी लावली आणि माणसांच्या पोथ्या ओळखणारा प्रोग्राम चालवला. तो सगळी अक्षरं करड्या रंगात दाखवतो. एका जागी मात्र तांबडी खूण आली. खुणेवर बोट ठेवलं की माहिती उघडते. उघडली, वाचली, पुन्हा वाचली. मग मी बाईंच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

बाईंनी आधी मलाच विचारलं, कोणी सांगितलं होतं तुला तिथे बोट ठेवायला. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात समजावलं. हा बदल डॉक्टरांना माहितीचा आहे. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी जी नस असते तिच्या भट्ट्या अचानक विझायला लागतात. दुखत नाही, खुपत नाही. आधी रंग फिके पडतात, मग नजरेच्या बरोबर मध्यावर धुकं येतं, कडा तेवढ्या राहतात. आधी एक डोळा, थोड्या काळाने दुसरा. बहुतेक वेळा तरुण पुरुषांना. बायकांना क्वचित, पण आई आपल्या प्रत्येक लेकराला तो बदल देते. ज्यांच्याकडे तो आहे त्या सगळ्यांचे डोळे जातात असं नाही, कित्येक जण जन्मभर चांगलं बघतात. कोणाचे जाणार ते आधी सांगता येत नाही. सिगारेट मात्र आगीत तेल ओतते, हे नक्की. रंग्या सिगारेटीवर सिगारेट ओढतो.

मी म्हटलं, घरी जाऊन सांगते. बाई म्हणाल्या, नाही. आपण शब्द दिला होता की दुसरं काही बघणार नाही. ते तिचं आहे. तिला ऐकायचंय का ते विचार, हो म्हणाली तरच सांग. मी म्हटलं, ती माझी वहिनी आहे. "म्हणूनच," बाई म्हणाल्या.

बाईंच्या खोलीतून नरसाळ्यांच्या खोलीपर्यंतचा बोळ मी कसा चालले कोणास ठाऊक. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. रंग्या मामाचाही भाचा आणि माझाही भाचा, शब्द एकच. लहानपणी मी त्याला खांद्यावर घेऊन फिरले, त्याचं नाक आमचं म्हणून मिरवलं. पण या पोथीत माझं एक अक्षर नव्हतं, दादाचं नव्हतं, आमच्या आईचं तर नव्हतंच. तिथे फक्त वहिनी होती आणि तिच्या मागे तिच्या आया. आमची आई उभा जन्म जे टोमणे मारत आली ते या एका बाबतीत खरे ठरणार होते, आणि ते वहिनीला माझ्या तोंडून ऐकावं लागणार होतं. मला आईचा इतका राग कधीच आला नव्हता.

वहिनी सूक्ष्मदर्शकावर वाकलेली होती. ब्रश आता ओल्या कापसावर टोकदार करत होती, तरी जीभ मध्येच ओठांवर येऊन मागे जायची. मी शेजारी बसले. म्हटलं, "वहिनी, त्या तपासणीत तुझ्याबद्दल काहीतरी दिसलंय. ऐकायचंय का?"

तिने मान वर केली नाही. "डोळ्यांचं का?" तिने विचारलं.

तिने हातातला उडाणटप्पू नळीत सोडला, टोपण लावलं, मग माझ्याकडे वळली. "माझ्या दादाने कधी थेंबही घेतला नाही, वन्सं."

मग तिने सांगितलं. आधी तिच्या मामाचे डोळे गेले होते, मग तिच्या दादाचे. तिच्या आईला तेव्हाच समजलं होतं की हे आपल्या पोटातून चाललंय, मायटोकॉन्ड्रिया हा शब्द ऐकायच्या कितीतरी आधी. त्याच सुमारास वहिनीसाठी आमचं स्थळ आलं. आणि तिचा दादाच म्हणाला, सांगा मी दारू प्यायलो. दारुडा भाऊ कुठेही खपतो, दोष त्याच्यापुरता राहतो. रक्तातलं निघालं तर हिला कोण विचारेल. आम्ही तिला बघायला गेलो त्या दिवशी तो अंगावर दारू शिंपडून दारात बरळत बसला होता. मला ते आठवत होतं. आमच्या आईने नाकाला पदर लावला होता आणि मीही तोंड फिरवलं होतं. त्यानंतर आयुष्यभर त्याने कधी कोणाला खरं सांगितलं नाही. आमच्या आईचे टोमणे खाऊनही त्याने ब्र काढला नाही, आणि वहिनीने नुसती भांडी आपटली.

मला रडू आलं. वहिनीला आलं नाही. ती म्हणाली, धाकटीचं लग्न होऊन जाऊ दे, तोवर हे आपल्या दोघींत. त्या घरात कळलं तर मोडेल. मी म्हटलं, आणि रंग्या? तो रोज सिगारेट ओढतोय, रंगाच्या वाफेत उभा असतो, त्याला नको सांगायला? सिगारेट मी सोडायला लावते, ती म्हणाली, कारण नाही सांगायचं. महिन्याचा तर प्रश्न आहे. मी तिच्याशी भांडले. दबक्या आवाजात भांडायची सवय आम्हा दोघींना घरीच लागलेली आहे. तू तुझ्या भावाला जाळलंस तसं मुलालाही जाळणार का, असं मी म्हणून गेले, आणि रागाच्या भरात पुढचंही बोलले. "तसाही पितोय तो हल्ली. स्वतः कबूल केलंय त्याने मालकाजवळ."

"कोण पितोय?"

मी सांगितलं. परत आलेलं दार, मालक, जिना, सगळं. सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला.

"कुठला रंग चुकला?" वहिनीने विचारलं.

"लाल."

ती उठली. टेबलावरची एक रिकामी नळी उचलली, तिचं लाल टोपण काढून मुठीत धरलं आणि चालायला लागली. पायात प्रयोगशाळेतल्याच चपला होत्या. बाईंनी मागून काहीतरी विचारलं, तिला ऐकू गेलं नाही. मी तिच्या मागे जवळजवळ पळत गेले. भर दुपारचा रस्ता, दुकानांची दारं अर्धी ओढलेली, आणि ही बाई कोणाकडे न बघता चाललेली. मी वाटेत देवाला नवस बोलले. मी नवस बोलणारी नाही. पण त्या वेळी वाटलं, तो खरंच पीत असू दे, दारुडा निघू दे, रोज गटारात पडू दे, आम्ही त्याला उचलून आणू.

गॅरेजमध्ये एक गाडी कागद चिकटवून उभी होती, आणि रंग्या तोंडाला फडकं बांधून तिच्या चाकावरचा पत्रा घासत होता. आईला तिथे बघून तो उभा राहिला. वहिनीने त्याला हाताला धरून उजेडात आणलं. मालक आणि बाकीची पोरं हातातली कामं टाकून बघत राहिली. ती त्याच्या तोंडाजवळ गेली आणि तिने नाकाने हुंगलं. रंगाचा वास होता, सिगारेटचा होता. दारूचा नव्हता.

तिने त्याच्या डाव्या डोळ्यावर आपला तळवा ठेवला आणि दुसऱ्या हाताने टोपण त्याच्या उजव्या डोळ्यासमोर धरलं. "हे कुठल्या रंगाचं आहे?"

त्याने मान किंचित तिरपी केली, टोपण कडेने पकडायला बघितलं. वहिनीने त्याची हनुवटी धरून सरळ केली.

"मातकट," तो म्हणाला. मग अगदी हळू, "मधोमध काही नाहीच आहे, आई. धूर आहे."

कधीपासून, तिने विचारलं. बऱ्याच दिवसांपासून. आधी वाटलं डोळ्यात रंग गेला. धुतला, औषध घातलं. मग तो मामाकडे गेला. मामाने त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि लहान मुलासारखा रडला, आणि त्याने आपली जुनी गोष्ट पहिल्यांदा कोणाला तरी सांगितली. आईला जाऊन सांग, म्हणून मामा हात जोडून विनवत होता. रंग्याने उलट त्यालाच शपथ घातली. मामाने ती गोष्ट इशारा म्हणून सांगितली होती, या वेड्याने तीच युक्ती म्हणून उचलली.

"धाकटीचं होऊन जाऊ दे," रंग्या म्हणाला. "पोरगा पितो म्हटलं की कोणी पुढे काही विचारत नाही. मी बघितलंय ना."

थोड्या वेळापूर्वी वहिनी माझ्याशी हेच बोलली होती, शब्द न् शब्द. आता मुलाच्या तोंडून ऐकताना तिचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. मला भीती वाटली की ती त्याला हो म्हणेल. महिन्याचाच तर प्रश्न होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती मालकाकडे वळली. एरवी चारचौघांत तिचा आवाज शेजारच्या माणसाला ऐकू जात नाही. त्या दिवशी रस्त्यावरच्या दोन माणसांनी मागे वळून बघितलं.

"माझा मुलगा दारू पीत नाही," ती म्हणाली. "त्याची नजर जातेय. माझ्या भावाचीही अशीच गेली, त्यानेही कधी दारू घेतली नाही. हे माझ्याकडून आलंय. माझ्या आईकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून याच्याकडे. कोणी विचारलं तर असंच सांगा."

मालकाने हातातला पाना खाली ठेवला. त्याने पुढे होऊन रंग्याच्या हातातला घासकागद काढून घेतला. रंग्या आईवर चिडला, धाकटीचं मोडलं तर, असं काहीतरी म्हणत राहिला. वहिनी म्हणाली, संध्याकाळी धाकटीला मी स्वतः सांगणार आहे आणि मग त्या घरी जाणार आहे. तिच्याही लेकरांत हे जाणार, तिला आंधळं ठेवून लग्न नाही लावायचं मला. आपण काय शब्द वापरला ते तिच्या लक्षातही आलं नाही. मग तिने रंग्याच्या खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं आणि माझ्याकडे दिलं. मी ते मुठीत चुरगळलं, दुसरं काय करावं मला सुचत नव्हतं.

आम्ही निघायला लागलो. रंग्या जागेवरच उभा राहिला.

"दुसरा बघ ना," तो म्हणाला.

वहिनीने न ऐकल्यासारखं केलं. टोपण तिच्या मुठीत होतं आणि मूठ ती उघडत नव्हती. इतका वेळ तिने तो डोळा का तपासला नाही ते मला तेव्हा कळलं. रंग्याने स्वतःच उजवा डोळा हाताने झाकला आणि वाट बघत राहिला. शेवटी ती पुढे झाली. टोपण तिने उजेडात धरलं, अगदी सरळ, त्याच्या डाव्या डोळ्यासमोर, हात हलू न देता.

"लाल," तो म्हणाला.

वहिनीने श्वास सोडला. तो अजून बघतच होता.

"बहुतेक," तो म्हणाला.